राज्य कर, छ.ग.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी राधा खरवडे माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत नऊ वर्षांच्या पगाराच्या स्लिपा. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लोकांचे आयकराचे रिटर्न भरते. रविवारी फक्त ओळखीचे येतात, आणि राधा ओळखीची होती. माझा नवरा शिरीष ज्या मिलमध्ये अकाउंटंट होता, तिथंच ती पॅकिंगला होती.

ही भागडीकरांची पोह्याची मिल. मालक दत्तोपंत भागडीकर रायपुरातच राहतात, पण मिल सीमेपलीकडे आहे, महाराष्ट्रात, देवरीजवळ. दर सोमवारी पहाटे मिलची बस रायपूरहून चौसष्ट माणसं घेऊन जायची आणि शनिवारी संध्याकाळी परत आणायची. मधले दिवस सगळे मिलच्या खोल्यांतच राहायचे. शिरीषही त्याच बसनं जायचा, पुढच्या सीटवर बसून.

"ताई, मले तो छत्तीसगढवाला फॉर्म भरून पायजे," राधा म्हणाली.

"कोणता छत्तीसगढवाला?"

"राज्य करवाला. बसमधे एक जण म्हने, आपन राहतो इकडं अन् कमावतो तिकडं, तं दोन्ही राज्यांचे फॉर्म भरले की एका राज्याचा पैसा वापस भेटते. पोट्टीची नर्सिंगची फी भरायची आहे. भेटला तं बरं होईल."

मी तिला समजावून सांगायला लागले. आयकर केंद्र सरकारचा असतो. पगारावर राज्याचा वेगळा आयकर या देशात कुठंच नाही. महाराष्ट्रात एक व्यवसाय कर आहे, तो जिथं काम करतो तिथं लागतो, आणि तोसुद्धा पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला माफ आहे. तिचा पगार एकोणीस हजार. म्हणजे तिला एकही फॉर्म भरायचा नव्हता.

"मग हे काय आहे?" तिनं एक स्लिप माझ्यापुढं सरकवली.

व्यवसाय कर, शून्य. बरोबर होतं. त्याच्या खाली लिहिलं होतं: राज्य कर (छ.ग.), चारशे पन्नास रुपये.

मी दुसरी स्लिप काढली, मग तिसरी. मागं मागं जात राहिले. जुन्या स्लिपांवर आकडा कमी होता, पण ओळ तीच. सगळ्यात खालच्या स्लिपेवर दोनशे रुपये होते. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत शिरीषची सही होती. ती सही मी माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली आहे, बँकेच्या पासबुकात पाहिली आहे, आमच्या लग्नाच्या दाखल्यावर पाहिली आहे.

"राधा, हा कर नाही आहे," मी म्हटलं.

"असं कसं? सगळ्यांचाच कटते. भाऊंनीच तं समजावलं होतं आम्हाले. तुमी राहता एका राज्यात, काम करता दुसऱ्या राज्यात, म्हनून दोन्ही सरकारांचं देनं लागते." ती मला धीर दिल्यासारखी बोलत होती, जणू मलाच समजायला वेळ लागून राहिला होता.

तेवढ्यात शिरीष न्हाणीतून बाहेर आला. खांद्यावर टॉवेल, कपाळावर ओले केस. त्यानं राधाला पाहिलं, टेबलावर पसरलेल्या स्लिपा पाहिल्या. राधा उठून "नमस्ते भाऊ" म्हणाली. तो सरळ आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मला तेव्हाच कळलं. चुकून झालेलं असतं तर तो टेबलापाशी आला असता.

मी राधाला म्हटलं, "स्लिपा माझ्याजवळ राहू दे. मी विचारून सांगते." ती गेल्यावर या वाक्याचीच मला लाज वाटली. विचारायचं कोणाला, हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

शिरीषचा रिटर्न मीच भरते. त्याच्या पगाराचे कागद दरवर्षी माझ्या हातात येतात. कपाटातून त्याची फाइल काढून बघितली. त्याच्या स्लिपेवर व्यवसाय कर होता, दोनशे रुपये महिना. छत्तीसगढचा राज्य कर नव्हता. तोही रायपुरात राहतो, तोही देवरीला काम करतो, तोही त्याच बसमधे बसतो.

मी आत गेले. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी आलंच नाही. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

"हे पैसे कुठं जातात, शिरीष?"

तो शर्टाची बटणं लावत होता. "बसच्या खर्चात. दत्तोपंतांनी बस सुरू केली तेव्हा डिझेल परवडत नव्हतं. माणसांकडून थोडं घ्यायचं ठरलं."

"मग बसचं भाडं म्हणून घ्यायचं."

"भाडं म्हटलं असतं तर दर महिन्याला कटकट. कोणी म्हणालं असतं, मी या आठवड्यात आलो नाही, माझं कापू नका. कोणी म्हणालं असतं, मी राजनांदगावला चढतो, माझं अर्धं करा."

"बरोबरच म्हणाले असते."

"तुले कळत नाही, शमा. चौसष्ट लोकांशी डोकं लावायचं असते रोज."

"मले चांगलं कळते. सरकारचं नाव लावलं की कोणी डोकं लावत नाही." माझा आवाज चढला होता. "नाव कोणाला सुचलं?"

तो शेवटचं बटण लावत राहिला. मी पुन्हा विचारलं. दारात आमची मुलगी श्रावणी येऊन उभी राहिली होती, हातात मोबाइल तसाच धरून. ती मराठी समजते, बोलते मात्र हिंदीतच.

"दत्तोपंत म्हणाले, काहीतरी नाव दे," तो म्हणाला.

"आणि तू दिलंस."

"हव."

"पापा, ये आपने खुद लिखा?" श्रावणीनं विचारलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

मला आठवलं, नऊ वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी त्याचा पगार एकदम वाढला होता. आम्ही खूश झालो होतो. मी स्वतःच्या हातानं अनारसे करून दत्तोपंतांच्या घरी नेऊन दिले होते. ते आठवलं आणि मला माझ्या हातांचाच राग आला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधून त्यांच्याकडून पैसे घेते, आणि माझ्या घरात बसलेला माणूस एक खोटा कर बनवून बसला होता. त्याला नियम माहीत नसता तर एक वेळ समजलं असतं. बाईचा व्यवसाय कर माफ झाला त्याच महिन्यापासून त्यानं तो शून्य केला होता. सरकारच्या नियमाला त्यानं बोट लावलं नाही. राधाचे पैसे मात्र घेतले.

मी चपला घातल्या आणि पुरानी बस्तीत दत्तोपंतांच्या घरी गेले.

दत्तोपंत जेवून झोपाळ्यावर बसले होते. पंचाहत्तरीचे आहेत, पांढरा सदरा, बोलणं गोड. शिरीषची आधीची नोकरी गेली तेव्हा त्यांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. मला सूनबाई म्हणतात.

"ये, सूनबाई. पाणी घे."

मी पाणी घेतलं नाही. स्लिप त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि परत दिली.

"बसला खर्च येतो," ते म्हणाले. "या लोकांना रायपुरात काम कोण देतं? दारात गाडी कोण आणतं? कुठं तरी चार पैसे वसूल करावेच लागतात."

"मग तसं सांगून घ्या. करापायी घेतले म्हणता तर ते सरकारजमा व्हायला पाहिजेत. झाले का?"

"छत्तीसगढ सरकारला कशाला देऊ? मिल तर महाराष्ट्रात आहे." ते थोडे हसले. हे वाक्य त्यांना खरोखरच चतुर वाटलं असावं.

"राधाच्या पोरीची फी भरायची आहे. ती माझ्याकडे फॉर्म भरायला आली होती, काका. ज्या कराचं ऑफिस नाही, कायदा नाही, त्याचा फॉर्म मागायला. तिच्या तोंडाकडे बघून मी काय सांगायचं?"

"काही सांगायची गरज काय?" त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. आवाज अजूनही गोडच होता. "सूनबाई, तू शिकलेली आहेस. घरी जाऊन एकदा नीट बघ, या सगळ्या कागदांवर सही कोणाची आहे. माझी एक तरी सापडते का बघ."

मी उठले. त्यांनी माझ्या नवऱ्याला नऊ वर्षं पुढच्या सीटवर का बसवलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

घरी आल्यावर मी शिरीषला दत्तोपंतांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो पांढरा पडला. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, शांत राहा. माझ्यावर येईल सगळं. श्रावणीचं शेवटचं वर्ष आहे."

"राधाच्या पोरीचं पहिलं आहे."

"तू माझी बायको आहेस का तिची वकील?"

"सध्या तुझी बायको असल्याची मले शरम वाटून राहिली आहे," मी म्हटलं. हे बोलल्यावर मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पहाटे साडेपाचला बस चौकात उभी राहते. शिरीष बॅग घेऊन निघाला. मी दहा मिनिटांनी मागून गेले. उजाडत होतं. डबे, गाठोडी, गाद्यांच्या वळकट्या वर चढवणं चालू होतं. मी बसमधे चढले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, दो मिनट गाडी बंद करो."

शिरीष नेहमीच्या जागी बसला होता. मला पाहून तो अर्धा उठला आणि परत बसला.

मी लांबलचक बोलले नाही. मी कोण ते सांगितलं, बहुतेकांना माहीत होतंच. राधाची स्लिप वर धरली आणि म्हटलं, ही जी राज्य कराची ओळ आहे, असा कर नाही. रायपुरात राहून महाराष्ट्रात काम केलं म्हणून पगारावर दोन राज्यांचा कर लागत नाही. हे पैसे कुठल्याही सरकारकडे गेले नाहीत. मिलकडे राहिले. हिंदीत पण सांगितलं.

मागून एकानं मोबाइलचा आवाज बंद केला.

मग राधा उठली. सीटच्या दांड्या धरत धरत पुढं आली आणि शिरीषच्या समोर उभी राहिली. "भाऊ, ताई म्हनते ते खरं आहे काय?"

तो माझ्याकडे बघू शकला असता. खिडकीबाहेर बघू शकला असता. त्यानं राधाकडे पाहिलं. "हव," तो म्हणाला. "खरं आहे."

"तुमाले माहीत होतं?"

"हव."

राधानं त्याला मारलं असतं तरी मी मधे पडले नसते. तिनं फक्त त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवलेला आपला डबा उचलला आणि मागं जाऊन बसली.

पहिला राग माझ्यावर निघाला. कुसुम साहू नावाची एक बाई, पोहे भाजण्याच्या विभागातली, छत्तीसगढीत ओरडून म्हणाली, "अब बस बंद हो जाही त हमन कइसे जाबो, दीदी? तैं लेके जाबे?" तिच्यामागं आणखी तिघं-चौघं तेच बोलायला लागले. मी उतरले. बस गेली.

बस बंद होईल म्हणाली, ते कुसुमचं खरं झालं. पुढच्या सोमवारी बस आली नाही. दत्तोपंतांनी निरोप धाडला, बस दुरुस्तीला आहे, ज्याला यायचं त्यानं आपल्या सोयीनं यावं. लोक रेल्वेनं, ट्रकनं, मोटारसायकलवर तिघं तिघं बसून गेले. नऊ जणांनी काम सोडलं. त्या नऊ जणांची नावं मला पाठ आहेत. दोघांच्या बायका घरी येऊन मला शिव्या देऊन गेल्या, आणि मी दारात उभं राहून त्या ऐकल्या. दत्तोपंतांना शिव्या द्यायला पुरानी बस्तीत कोणी गेलं नाही.

शिरीषला त्याच आठवड्यात काढून टाकलं. त्याचा हिशोब चुकता करताना त्याच्याकडून लिहून मागितलं, की राज्य कराची कपात त्यानं स्वतःच्या मर्जीनं केली आणि मालकाला कल्पना नव्हती. तो कागद घेऊन तो घरी आला.

"सही केली तर दोन महिन्यांचा पगार देतात," तो म्हणाला.

मी कागद वाचला आणि टेबलावर ठेवला. "कर की मग. सह्या तुले जमतात."

तीन दिवस तो कागद तिथंच पडला होता. श्रावणी त्याच्याशी बोलत नव्हती. मी बोलत होते, जेवायला ये, गॅस संपला, इतकंच. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्याकडून कोरे कागद मागितले आणि पुढच्या खोलीत बसून चार पानं लिहिली. कोणत्या तारखेला दत्तोपंतांनी काय सांगितलं, पैसे कोणत्या खात्यात फिरवले, आकडा केव्हा केव्हा वाढवला. "नाव मीच सुचवलं", हेही लिहिलं. मी वाचून दाखवायला सांगितलं नाही, पण त्यानं वाचून दाखवलं.

मिल महाराष्ट्रात असल्यामुळे तक्रार गोंदियाच्या कामगार कार्यालयात करायची होती. रायपुरातून अर्ज घेऊन जाणं, तारीख घेणं, परत येणं. मी सहा वेळा गेले. चौसष्टपैकी एकतीस जणांनी अर्जावर अंगठे-सह्या दिल्या. बाकीचे घाबरले. कुसुमनं सही दिली. ती म्हणाली, "बस तो गई, अब पैसा तो ले लूँ."

तिथल्या अधिकाऱ्यासमोर दत्तोपंतांचा वकील आधी म्हणाला, की ही कपात लोकांच्या संमतीनं होती. मग म्हणाला, की अकाउंटंटची लबाडी आहे. शिरीषची चार पानं आणि बँकेचे उतारे समोर आले तेव्हा तो तडजोडीवर आला. तीन वर्षांचे पैसे परत, अर्ज करणाऱ्यांनाच. आधीची सहा वर्षं गेली. मला ते मान्य नव्हतं. मी अधिकाऱ्याशी भांडले, वकिलाशी भांडले. राधानंच माझा हात धरला. "ताई, राहू द्या. पोट्टीची फी या महिन्यात भरायची आहे."

पैसे वाटायचा दिवस नोव्हेंबरमधे होता. गोंदियाच्या त्या कार्यालयात एका लांब टेबलावर मिलचे जुने वेतनपट ठेवले होते. ते शिरीषनंच भरलेले, म्हणून कोणाच्या नावापुढं किती कापलं ते सांगायला अधिकाऱ्यानं त्यालाच बसवलं. दत्तोपंत आले नव्हते. पाकिटं घेऊन वकिलाचा कारकून आला होता.

पहिलं नाव कुसुमचं निघालं. शिरीषनं आकडा सांगितला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. कुसुम म्हणाली, "पहले पढ़ के बता, क्या लिखा है."

"कुसुमबाई साहू, छत्तीस महिने, एकूण—"

"वो नहीं. जो काटा था, उसका नाम पढ़."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो म्हणाला, "राज्य कर, छत्तीसगढ."

"जोर से."

त्यानं पुन्हा वाचलं. कुसुमनं सही केली, पाकीट उघडून नोटा मोजल्या आणि बाजूला झाली. मागच्यानं ते ऐकलं होतं. तोही म्हणाला, वाचा. त्याच्या मागच्यानंही तेच केलं. काही जण हिंदीत म्हणाले, काही छत्तीसगढीत, राधा मराठीत म्हणाली. अधिकाऱ्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण थांबवलं नाही. एकतीसही जणांना त्यानं ती ओळ वाचून दाखवली. अठराव्या-एकोणिसाव्या माणसाला त्याचा आवाज बसला. समोर पाण्याचा जग होता, तो माझ्या बाजूला होता. मी तो त्याच्याकडे सरकवला नाही.

परतीच्या गाडीत आम्ही एकाच बाकावर बसलो. डोंगरगड गेल्यावर तो म्हणाला, "मले वाटलं होतं, आज तरी तुझा राग उतरेल."

"नाही उतरला," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. आता तो नव्या रायपुरातल्या एका हार्डवेअरच्या गोदामात आवक-जावक लिहायला जातो. बस क्वचित मिळते, बरेचदा कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून येतो. राधा तिच्या भावाचा रिटर्न भरायला दुसऱ्या कोणाकडे गेली, हे मला बाजारात कळलं. तिनं बरोबरच केलं. मी माझ्या खोलीबाहेरच्या पाटीवर एक ओळ वाढवली आहे, हिंदीत आणि मराठीत: पगाराच्या स्लिपेवरची कोणतीही कपात फुकट समजावून सांगितली जाईल. लोक येतात. परवा एक सिक्युरिटी गार्ड आला होता, त्याच्या स्लिपेवर 'सीमा शुल्क' लिहिलं होतं. मी त्याला खुर्ची दिली आणि मालकाचा फोन नंबर विचारला.